काळ्यावर काळा टाका

आमच्या जबलपूरच्या घरमालकीणबाईंनी पहिला संशय घेतला तो आमच्या ट्रंकेवर.

लग्न होऊन मी नुकतीच अमरावतीहून आले होते. ह्यांची नोकरी जबलपूरला संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात होती आणि नेपियर टाउनमधल्या एका गल्लीत पुढच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या होत्या. मागच्या खोल्यांत मालकीणबाई एकट्या राहत. रिक्षातून सामान उतरवून आम्ही अंगणात उभे राहिलो, तो आतून आवाज आला, "दोघं एकदम बोलू नका. आधी पुरुष माणूस. नाव, गाव, नोकरी."

ह्यांनी तोंडी परीक्षेला बसल्यासारखं सगळं सांगितलं. मग माझी पाळी. मी 'अमरावती' म्हटल्याबरोबर बाई बाहेर आल्या. उंच, काटक अंग, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, बोटात शिवणकामाचा पितळी अंगुस्ताना. नव्या भाडेकरूंच्या तोंडाकडे माणूस आधी पाहतो. ह्या सरळ ट्रंकेजवळ गेल्या, तिच्या कडा चाचपल्या आणि म्हणाल्या, "हे कुठी ठेवणार?"

"खिडकीखाली," मी म्हटलं.

"मग तिथंच राहू द्याची. आज इथं, उद्या तिथं, असं माझ्या घरात चालत नाही. सामान सरकवणाऱ्या माणसाचा काही भरवसा नाही, बाप्पा."

त्या दिवसापासून मी त्यांची 'अमरावतीवाली' झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. अमरावतीच्या लोकांबद्दल त्यांचं ठाम मत होतं, की ते गोड बोलतात आणि नेलेली वाटी परत देत नाहीत. मी त्यांना मावशी म्हणू लागले, तेव्हाही त्या म्हणाल्या, "नातं जोडलं की माणूस कायतरी मागते. तुले काय पायजे?" मला खरं म्हणजे थोडं विरजण हवं होतं. ते मी त्या दिवशी मागितलंच नाही.

मावशी मूळच्या नागपूरच्या. त्यांचे यजमान तिथल्या हायकोर्टात चपराशी होते. राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, जबलपूर हिंदी मुलखाकडे राहिलं, आणि कोर्टाबरोबर फायली, कपाटं, खुर्च्या नि माणसं अशी सगळी वरात जबलपूरला आली. मावशी सांगायच्या, "मी अलमाऱ्यांसंग आली. एका अलमारीची काच फुटली, तर साहेबानं लगेच लिहून घेतलं. मी मैनाभर रडली, ते कोणी लिहून घेतलं नाही." पुढे यजमानांनी हे घर घेतलं, आणि काही वर्षांनी ते गेले. मुलगा शिकला आणि नोकरी लागली ती नेमकी नागपूरला. म्हणजे ज्या गावाहून मावशींना रडत आणलं, त्याच गावी आता मुलगा त्यांना न्यायला बघत होता. दर थंडीत तो यायचा आणि म्हणायचा, आई, चल. दर थंडीत मावशी म्हणायच्या, "मी काय फाईल आहे का? सरकारनं इकडं पाठवली, आता तू तिकडं पाठव!"

ह्या घरातून हलायचं नाही, हा त्यांचा एकच हट्ट होता. बाकी सगळे संशय, भांडणं, कुलपं त्या एका हट्टाभोवती होती, हे मला फार उशिरा उमजलं.

मावशी गोधड्या शिवत. इथले लोक त्यांना कथरी म्हणतात. गोधडी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे जुन्या लुगड्यांचे लाल-हिरवे तुकडे येतात. मावशींच्या गोधड्या काळ्या. नुसत्या काळ्या. कोर्टातल्या ओळखीनं वकिलांचे विटलेले काळे कोट, फाटके झगे त्यांच्याकडे येत. ते उसवून, धुऊन, थरावर थर लावून त्या काळ्या दोऱ्यानं शिवत. गिऱ्हाईक होतं ते रेल्वेतलं. इंजिन चालवणारे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड. कोळशाच्या इंजिनावरून उतरून जिथं जागा मिळेल तिथं पाठ टेकायची, तर त्यांना मळ न दिसणारं पांघरूणच हवं असायचं. शिवाय वकिलांचा कोट म्हणजे जाडजूड लोकर. जबलपूरच्या थंडीचं त्यापुढे काही चालत नसे.

गल्लीतल्या बायका मात्र नाकं मुरडत. संक्रांतीला अंगावर काळं ठीक आहे, पण अंथरुणात काळं? मी एकदा हे मावशींना बोलून दाखवलं.

"डोळे मिटले की समदं काळंच असते," त्या म्हणाल्या. "तिथं फुलं कोणाले पाह्याची आहेत?"

मला वाटलं, चला, बाईशी दोस्ती करायची तर शिवण शिकावं. माहेरी मी शिवणात हुशार समजली जायची. मावशींनी एक तुकडा दिला आणि मी पहिल्या पाच मिनिटांत रडकुंडीला आले. काळ्या कापडावर काळा दोरा घालून बघा एकदा. टाका घातला की तो गायब. सुई कुठून वर आली, मागचा टाका कुठं संपला, काही कळत नाही. मी खिडकीपाशी गेले. मग अंगणात उन्हात बसले, तर कापड नुसतं चकाकायला लागलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं नि मी कापड पार नाकाजवळ नेलं, तेव्हा मावशी न बघताच म्हणाल्या, "श्वास कापडावर सोडून राहिली तू. डोळ्यानं शिवशील तर मरशील. डाव्या हाताचं बोट मागच्या रांगेवर ठेव, अन् सुई त्या बोटाले विचारून चालव."

मी सुईला विचारलं, बोटाला विचारलं. बोटात सुई गेली. शिकवणी तिथंच आटोपली.

एकदा एका गार्डसाहेबांना शंका आली. गोधडी उलटसुलट करून ते म्हणाले, "अम्मा, टाँके तो दिखते नहीं. पूरे लगाए हैं न?"

मावशींनी गोधडीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "खेंच के देखो. दम लगा के खेंचो. तुम फट जाओगे, मेरी कथरी नहीं फटेगी." गार्डसाहेबांनी ओढून पाहिलं आणि मुकाट्यानं गोधडी काखेत मारून गेले.

दुसऱ्यानं संशय घेतला की मावशी अशा फणकारायच्या. स्वतः घ्यायच्या त्याला मात्र सीमा नव्हती. फाटकाला त्यांनी बैलाच्या गळ्यातली एक घंटा बांधली होती. का? तर चोर येतात. अंगणातली बादली नळाच्या उजव्या हातालाच पाहिजे, खुर्ची भिंतीला टेकूनच पाहिजे. का? तर वस्तू हललेली असली की समजायचं, कोणीतरी खुणा करून गेलं. संध्याकाळी त्यांच्या खोलीत दिवा लागत नसे. वीजवाले मीटर पळवतात म्हणे. संक्रांतीला मी तिळगुळाची ताटली त्यांच्या ओट्यावर ठेवली, तर दुपारपर्यंत ती तशीच. "खाली ठेवलेलं मी घेत नाही," त्यांनी बजावलं. "कोणी काय करून ठेवलं असेल? द्याचं असेल तर हातात दे, अन् काय आहे ते बोलून दे."

जवळच्या पनागरहून एक भाजीवाला टोपली घेऊन यायचा. त्याची तर रोज उलटतपासणी.

"जे क्या है?"

"भटा है, अम्मा," तो वांगं पुढे करायचा.

"भटा है के सड़ा टमाटर पकड़ा रहे?"

"अम्मा, भटा है, कसम से. देख लो."

"देख के क्या होता है? आजकल देखी हुई चीज भी खोटी निकलती है. मुँह से बोलो."

तो बिचारा एकेक भाजी हातात देऊन तिचं नाव घोषित करायचा. गल्लीतली माणसं हसायची. मीही पदर तोंडाला लावून हसायची.

मग लढाईचे दिवस आले. जबलपूरला दारूगोळ्याचे कारखाने, त्यामुळे इथं काळोख पाळण्याची सक्ती फार कडक होती. संध्याकाळ झाली की शिट्ट्या वाजत आणि खिडकीतून उजेडाची चीर दिसली तरी स्वयंसेवक दारात हजर. ज्या बायकांना काळी गोधडी अशुभ वाटत होती, त्याच आता खिडकीवर टांगायला ती मागायला आल्या. मावशींनी प्रत्येकीला देवाची शपथ घ्यायला लावून गोधड्या दिल्या. त्या अंधारात आम्ही सगळे चाचपडत होतो. हे तर बादलीला अडखळून असे पडले, की चार दिवस लंगडत कारखान्यात जात होते. आणि मावशी? चहाची भरली किटली घेऊन अंगण ओलांडत, थेंब न सांडता. कोपऱ्यावरचे निवृत्त हेडमास्तर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "भाईसाहब, इस औरत पर नज़र रखिए. अँधेरे में इसे सब दिखता है."

ह्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. घरी येऊन हळूच मला म्हणाले, "बाईचं काहीतरी आहे. तू जरा लक्ष ठेव."

लक्ष ठेवायला मी काय मागे राहणार? पण काही दिसलं ते लक्ष ठेवून नव्हे.

थंडीतली दुपार होती. मावशी अंगणात उन्हात शिवत बसल्या होत्या. वाळलेले कपडे काढायला मी अनवाणीच बाहेर आले. त्या आधी आठवड्यात माझ्या बांगड्या वाढवल्या होत्या, नव्या भरायच्या राहिल्या होत्या, म्हणजे हातही गप्प. मी दोरीशी पोचले आणि मावशींनी मान वर केली. थेट माझ्याकडे तोंड. आता बोलणार, मी मनाशी म्हटलं. 'आमच्या वाटेत उभी राहू नको', 'ऊन अडवून राहिली', काहीतरी येणारच. त्या काहीच बोलल्या नाहीत. सुईच्या नेढ्यात जिभेच्या टोकानं दोरा घालत बसल्या. माझी सावली त्यांच्या पायांवर पडली होती. ज्या बाईनं मला एकदाही टोकल्याशिवाय अंगणातून जाऊ दिलं नव्हतं, तिनं मला टोकलं नाही, म्हणजे तिला मी दिसलेच नव्हते.

ट्रंक, बादली, घंटा, भाजीवाल्याची उलटतपासणी, न लागणारा दिवा, एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. आम्ही हसत होतो तो संशय म्हणजे त्या बाईची काठी होती. काठी हातात धरली असती तर गल्लीला कळलं असतं, गल्लीकडून नागपूरला कळलं असतं, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला असता. ह्या घरातल्या प्रत्येक पायरीशी त्यांची ओळख होती. मुलाच्या नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या घरात त्या एका खुर्चीवर बसून राहिल्या असत्या. आणि काळं कापड? लाल-पांढऱ्या गोधडीवरचा वाकडा टाका कोणीही दाखवून दिला असता. काळ्यावर काळा टाका डोळसालाही दिसत नाही. तिथं त्यांची नि जगाची बरोबरी होती.

मला त्या बाई आवडत होत्या, हे आधीच सांगायला हवं होतं. त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की कपडे तसेच दोरीवर ठेवून मी आत आले.

ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मुलाला कळवायला पाहिजे. उद्या विहिरीत-बिहिरीत पडली म्हणजे?"

"विहीर कुठं आहे इथं?"

"अगं, पण पडली म्हणजे?"

"बादलीला अडखळून कोण पडलं होतं?" मी विचारलं.

मग मी मावशींवर पाळत ठेवू लागले, म्हणजे काळजीपोटी. त्या स्टोव्ह पेटवत असताना दारात उभी राहायची, ओट्यावर शेवाळ धरलं की घासून टाकायची. सगळं गुपचूप. आठ दिवसांत मावशींनी मला पकडलं. "काहून गं, आजकाल चोरपावलानं चालून राहिली? आधी तर धपधप चालत होती. काय शोधून राहिली माझ्या घरात?"

"काही नाही, मावशी."

"काही नाही म्हणणारीच कायतरी नेते." त्या दिवसापासून त्यांनी त्यांच्या दाराला आतून आणखी एक कडी लावायला सुरुवात केली. चांगुलपणा करायला जावं तर हे बक्षीस. मी चिडून पुन्हा धपधप चालू लागले, आणि खरं तर त्यांना तेच सोयीचं होतं.

त्याच हिवाळ्यात ती पांढऱ्या दोऱ्याची गोष्ट झाली. मावशी दोऱ्याची रिळं चौकातल्या एका म्हाताऱ्या शेठकडून आणत. जगातल्या प्रत्येक वस्तूचं नाव त्या दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेत, पण दोऱ्याचं कधीच नाही. शिवणाऱ्या बाईनं दोऱ्याचा रंग विचारला तर पितळ उघडं पडायचं. म्हणून दुकानात जाऊन त्या नुसतं म्हणायच्या, "वही देना, जो हमेशा." शेठला काय द्यायचं ते माहीत होतं. त्या वेळी शेठ आजारी होते आणि गल्ल्यावर त्यांची सून बसली होती. तिला 'हमेशा' काय ठाऊक? बहुतेक बायका नेतात तो पांढरा दोरा तिनं बांधून दिला.

मुलगा येणार असल्याचं पत्र आलं होतं. ते मीच वाचून दाखवलं होतं, कारण मावशींच्या मते पोस्टातले लोक अक्षर मुद्दाम बारीक करतात. पत्रात लिहिलं होतं, की ह्या खेपेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच. तो यायच्या दिवशी सकाळी मी त्यांना गरम शिरा द्यायला मागे गेले, आणि दारातच थबकले.

त्यांच्या मांडीवर जवळजवळ पुरी झालेली गोधडी होती. काळी कुळकुळीत, आणि तिच्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या टाक्यांच्या रांगा. मी त्यांचे टाके पहिल्यांदा पाहत होते. बारीक, एकसारखे, पण सरळ नाहीत. कोटाची जाड शिवण आली, तिथं पहिली रांग थोडी वळली होती, आणि मग बोट तिच्यावर ठेवून पुढच्या साऱ्या रांगा तशाच वळत गेल्या होत्या. शेत नांगरल्यावर उतारावरची तासं वळतात, तशा. मला इतकं सुंदर शिवण आजवर कुठं दिसलेलं नाही. पण कोणीही डोळस बाई असं शिवणार नाही, हेही तितकंच उघड होतं.

"मावशी," मी म्हटलं, "दोरा पांढरा आहे."

त्यांची सुई हवेतच राहिली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे मले."

"मावशी, दुपारच्या गाडीनं तुमचा मुलगा येऊन राहिला. ही गोधडी मी आमच्याकडे ठेवते."

आता त्यांचा चेहरा बदलला. "तूच बदलला दोरा! म्हणून चोरपावलानं फिरत होती. त्यानं लिहिलं का तुले? आईचा तमाशा करायचा, अन् तिले गाडीत घालायचं, हेच ठरलं ना तुमचं?"

मला रडूच आलं. रागानं आलं की वाईट वाटून आलं, ते आजही सांगता येणार नाही. "मला तुम्हाला घालवायचं असतं, तर मी आत्ता गप्प बसले असते," मी म्हटलं आणि शिऱ्याची वाटी त्यांच्या हातात देऊन मोठ्यानं सांगितलं, "शिरा आहे. केळं घातलं आहे."

त्या काही बोलायच्या आत फाटकाची घंटा वाजली. गाडी वेळेआधी आली होती, किंवा तो सकाळच्याच गाडीनं आला होता. मुलगा दारात उभा होता, हातात संत्र्यांची करंडी. गोधडी मावशींच्या मांडीवर, दारातून आलेल्या उन्हात पसरलेली.

तो वाकून पाया पडला, आईशेजारी बसला, आणि त्याची नजर मांडीवर गेली. "आई, हे पांढऱ्या दोऱ्यानं काहून?"

माझा जीव खालीवर झाला. मावशींचा झाला नसावा.

"मी कायले शिवते पांढऱ्यानं?" त्या म्हणाल्या. "हे ह्या अमरावतीवालीचं काम. शिकून राहिली माझ्याजवळ. म्हटलं, पांढऱ्या दोऱ्यानं शिव, म्हंजे तुझी तुले चूक दिसेल. पाह्य कसं शिवलं! एक रांग धड सरळ नाही. माहेरी काही शिकवलंच नाही हिले. हात लावते तिथं वाकडं." मग माझ्याकडे तोंड करून, "उभी काय राहिली? सांग ना, तूच शिवलं की नाही?"

"मीच शिवलं," मी म्हटलं. "शिकतेय अजून."

मुलानं गोधडी उचलली. एका कोपऱ्यावर त्याचं बोट बराच वेळ थांबलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी संत्री मोजत असल्याचं सोंग केलं.

"मग आई," तो म्हणाला, "नीट कसं असते ते तू दाखव ना."

मावशींनी जुना डबा उघडला, तळातून उरलेलं काळं रीळ काढलं. ते मात्र माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "दोरा ओवून दे. शिकणाऱ्यानं एवढं तरी करावं." मी दोरा ओवला आणि सुई देताना जरा जोरातच म्हटलं, "घ्या मावशी, तुमचा काळा." त्यांनी काळ्या तुकड्यावर काळा धावदोरा घालायला घेतला, सरसर, आमच्याशी बोलत बोलत. पूर्ण रांग घालून तुकडा मुलाच्या हातात दिला.

त्यानं तो खिडकीपाशी नेला. मग अंगणात नेला. उन्हात तिरपा धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "मला काही दिसत नाही," तो म्हणाला.

"तुले दिसत नाही," मावशी म्हणाल्या, "अन् डागदराकडं मले नेऊन राहिला?"

तो हसला, मी हसले, दारात येऊन उभे राहिलेले हेसुद्धा हसले. डॉक्टरचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. मुलगा दोन दिवस राहिला. मावशी त्या दोन दिवसांत इतक्या तोऱ्यात होत्या, की त्यांनी वीजवाल्यांवर मेहरबानी करून खोलीत दिवासुद्धा लावला.

निघताना तो म्हणाला, "वहिनी, तुमची पहिली गोधडी मला द्या. पोरांना होईल."

"ने, ने," मावशी आतून म्हणाल्या. "तशीही गिऱ्हाइकाले द्यायच्या कामाची नाही."

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यानं एका हातानं घंटेची जीभ धरून ठेवली, म्हणजे ती वाजू नये, आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, कोपऱ्यात वळताना आई एक टाका उलटा घेते. माझ्या लहानपणच्या गोधडीला प्रत्येक कोपऱ्यात तो आहे. तुम्ही कुठून शिकणार तो?"

मी फाटकाच्या कडीवरचा गंज नखानं खरवडू लागले.

"मागं एकदा आईला दाखवलं, तेव्हाच डॉक्टरनं मला सांगितलं होतं. काळा मोतिया, म्हणजे काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशननंही नाही. मला वाटलं होतं, थोडंफार दिसत असेल. ह्या वेळी न्यायचंच असं ठरवून आलो होतो. पण वहिनी, आमच्या शेजारणीनं एकदा आईचं लोणचं आपलं म्हणून पाहुण्यांना वाढलं, तर आई तिच्याशी वर्षभर बोलली नाही. अन् परवा आपल्या हातची गोधडी तुमच्या नावावर केली तिनं. वाकडी म्हणून शिव्याही घातल्या." त्याचा आवाज घोगरा झाला. "एवढं राहायचं आहे तिला इथं. आता मी कसा ओढून नेऊ? तुमचं लक्ष असू द्या. अन् मला कळलं, हे तिला कळू देऊ नका."

घंटा हातात धरूनच तो बाहेर पडला आणि फाटक लोटून घेतलं.

मी वळले तर मावशी ओट्यावर येऊन बसल्या होत्या. "अमरावतीवाली, इकडं ये."

मी धपधप चालत गेले.

"गोधडी खरंच नेली त्यानं?"

"नेली."

"काहून नेली? वाकडी होती म्हणून मीच सांगितलं ना? अन् फाटकाशी इतका वेळ घंटा नाही वाजली. काय बोलून राहिले होते तुम्ही?"

"सहज. पोरांचं, नागपूरचं."

"त्याले कळलं ना?"

मला खोटं बोलता येतं. वेळप्रसंगी चांगलं बोलता येतं. पण चेहऱ्यावर न जाता नुसत्या आवाजावर जाणाऱ्या त्या बाईसमोर माझी जीभ उचलेना. "हो," मी म्हटलं. "कळलं."

मला वाटलं, आता तरी मावशींचा जीव भांड्यात पडेल. मुलाला सगळं समजलं आणि तरीही त्यानं घर सोडायला लावलं नाही, म्हणजे जिंकल्याच की त्या. मी त्यांच्याकडे हसून पाहिलंसुद्धा. पण पदराचा शेव बोटांत गुंडाळत त्या एखाद्या लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "मग मले काहून नाही नेलं?"

हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. मी त्यांच्याजवळ खाली बसले. "तुम्हाला इथं राहायचं आहे म्हणून, मावशी. म्हणाला, एवढं राहायचं आहे तिला, आता मी कसा ओढून नेऊ."

"असंच म्हणाला?"

"असंच."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि अंधारात चाचपावं तसा हात पुढे करून माझं मनगट पकडलं. "बोलताना आवाज कसा होता त्याचा?"

"भरून आला होता."

"खोटं बोलून राहिली तू," मावशी म्हणाल्या. पण धरलेला माझा हात त्यांनी सोडला नाही.